डब्यांच्या ग्राहकांची यादी मागितली आहे, देऊ का?

नाशिकमधून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ताई घरातून डबे देतात. अंबडच्या कारखान्यांतली माणसं, कॉलेजची मुलंमुली आणि गंगापूर रोडच्या बाजूला एकटे राहणारे काही ज्येष्ठ असे त्यांचे ग्राहक. कोणाला काय चालतं, कोणाचा डबा कधी बंद, हे सगळं त्यांच्या वहीत आणि फोनमध्ये टिपलेलं असतं. काही महिन्यांपूर्वी यजमानांना शुगर निघाली. लॅबमध्ये रक्त दिलं त्याच आठवड्यात शुगरच्या औषधांचे आणि मग आरोग्य विम्याचे फोन सुरू झाले. पुढे मोठा फ्रीज घ्यायला म्हणून ताईंनी एका अ‍ॅपवर कर्जाची चौकशी केली, तर दुसऱ्या दिवसापासून कर्ज देणाऱ्यांचे फोन थांबेनात. फोन आपलं बोलणं ऐकतो अशी त्यांची खात्री झाली आहे. स्मार्टफोन सोडून साधा फोन घ्यावा, असं त्यांच्या मनात आहे. मुलगा म्हणतो, "आता काय उपयोग, सगळं आधीच बाहेर गेलंय." अशातच ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांच्याकडे ग्राहकांची यादी मागितली. ते पौष्टिक पीठ आणि पावडरींची एजन्सी चालवतात. "नावं नकोत, नंबर, एरिया आणि बिनसाखरेचा, कमी तेलाचा डबा कोण घेतं तेवढंच द्या," असं त्यांचं म्हणणं. बदल्यात फ्रीजच्या निम्म्या किमतीएवढे पैसे. यजमान म्हणतात, "आपली माहिती सगळ्यांनी विकली, आपण विकली तर कुठे बिघडलं?" ताई विचारतात, यादी द्यावी का, आणि फोनचं काय करावं?

ताई,

यादी देऊ नका. ते गृहस्थ उत्तराची वाट पाहत असतील, म्हणून हे आधी लिहिलं. का नको ते आता सावकाश बोलू, कारण तुमच्या यजमानांचा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. घरात आजारपण आलं आणि नातेवाइकांना कळायच्या आधी ते अनोळखी लोकांना कळलं, याचा राग त्यांच्या बोलण्यात आहे. तो रास्त आहे. पण तुम्ही तिघांनीही काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि त्या तपासून पाहायला हव्यात.

फोन ऐकतो, ही त्यातली पहिली. अँड्रॉइड 12 आणि त्यापुढच्या फोनवर एखादं अ‍ॅप माइक वापरत असेल, तर वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. ती विनाकारण दिसली तर सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपची माइकची परवानगी काढून टाका. पण तुमच्या बाबतीत जे घडलं, त्यासाठी कोणी कान लावून बसायची गरजच नव्हती. लॅबच्या फॉर्मवर नंबर लिहिला. मेडिकलमध्ये बिलासाठी तोच सांगितला. रात्री दोघांनी बसून जेवणानंतर शुगर किती असावी ते शोधलं असेल, मेथीच्या पाण्याचा एखादा व्हिडिओ पाहिला असेल, ग्लुकोमीटरच्या किमती पाहिल्या असतील. यातली एकेक नोंद सुटी पाहिली तर फार काही सांगत नाही. मोबाइल नंबर मात्र सगळीकडे एकच. माळेतल्या दोऱ्यासारखा तो या सगळ्या नोंदींमधून जातो.

यात दोन वाटा वेगळ्या आहेत, त्या ओळखता आल्या की निम्मा गोंधळ कमी होतो. फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या जाहिराती बहुतेक तुमच्या शोधण्यावरून, पाहण्यावरून आणि फोनला दिलेल्या जाहिरातींसाठीच्या ओळख क्रमांकावरून येतात. तो क्रमांक अँड्रॉइडमध्ये प्रायव्हसीच्या सेटिंगमधल्या 'अ‍ॅड्स' या भागात जाऊन काढून टाकता येतो. माणसाच्या आवाजात येणारे फोन मात्र नंबरांच्या यादीवरून येतात. म्हणजे कुठेतरी, कोणीतरी, एक यादी कोणाच्या तरी हातात दिली. ती लॅबनेच दिली असेल असं धरून चालू नका. चाचणी अ‍ॅपवरून बुक केली असेल तर ते अ‍ॅप, रिपोर्ट पोहोचवणारा, औषधांवर सूट देणारं कार्ड, अशा बऱ्याच हातांतून तो नंबर गेलेला असतो. त्यातल्या एखाद्या हाताला कोणीतरी म्हणालं असेल, "एवढंच द्या."

आणि आता तेच वाक्य तुमच्या दारात आलं आहे.

त्या गृहस्थांना द्यायच्या आधी तुमची वही एकदा त्यांच्या नजरेने वाचून पाहा. बिनसाखरेचा डबा म्हणजे आजार. नवरात्रात नऊ दिवस उपासाचं, रमजानात दुपारचा डबा बंद, म्हणजे धर्म. 'शुक्रवार ते सोमवार डबा नको, गावाला चाललोय' म्हणजे कुलूप लावलेल्या घराची तारखेसकट माहिती. एका मुलीचा डबा रात्री नऊला, कारण ती क्लासवरून तेव्हा खोलीवर येते आणि एकटी राहते. गंगापूर रोडच्या एखाद्या आजींच्या पत्त्यापुढे तुम्ही लिहिलं असेल, बेल वाजवून थांबा, दार उघडायला वेळ लागतो. ही ओळ तुम्ही काळजीपोटी लिहिलीत. ज्याच्या मनात काळजी नाही त्याच्या हातात ती पडली, तर त्याला एकटी, वयस्क, हळू चालणारी बाई एवढंच दिसेल. वहीतली अक्षरं तीच राहतात, वाचणारा बदलतो.

'एवढंच' यावर म्हणूनच विश्वास ठेवू नका. त्या गृहस्थांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्यांना पीठ विकायचं आहे. पण यादी दिली की तिची प्रत निघते, प्रतीची प्रत निघते, आणि ती परत मागायची सोय नसते. उद्या त्यांचा विमा एजंट मित्र मागेल, परवा एजन्सीतला मुलगा नोकरी सोडताना फोनमध्ये घेऊन जाईल.

त्याहून मोठी अडचण आहे ती चुकीच्या अर्थाची. बिनसाखरेचा डबा घेणाऱ्या सगळ्यांना शुगर असते का? कोणी वजनासाठी घेतं, कोणी डॉक्टरांनी धास्ती घातली म्हणून, कोणी घरातल्या दुसऱ्या माणसासाठी. तुम्हाला ते माहीत आहे, कारण तुम्ही त्यांच्याशी बोलता. यादीला ते माहीत नसतं. ती त्या पंचविशीतल्या मुलालाही शुगरचा रुग्ण म्हणून पुढे पाठवेल, आणि आपल्याबद्दल असं काही ठरलं आहे हे त्याला कधी कळणारही नाही. 'आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे' असं लोक म्हणतात, तेव्हा मला हीच गोष्ट सुटलेली दिसते. आपल्या खाणाखुणांवरून दुसरं कोणीतरी काहीतरी ठरवतं, कर्ज द्यायचं की नाही, फोन कोणाला करायचा, कोणाला गिऱ्हाईक समजायचं, आणि आपल्याला 'अहो, तसं नाही' म्हणायची संधी मिळत नाही. त्रास याचा आहे. तुमच्या यजमानांना झालेला त्रास हाच आहे.

नावं नकोत, हेही फसवं आहे. नंबर दिल्यावर नाव शोधायला कितीसा वेळ लागतो? पण समजा नंबरही दिला नाही, तरी माणूस झाकला जात नाही. 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात 15 लाख लोकांच्या मोबाइलच्या 15 महिन्यांच्या नोंदी होत्या, नावं काढलेल्या. त्यातल्या 95 टक्के लोकांना वेगळं ओळखायला वेळ आणि ठिकाण यांच्या फक्त चार नोंदी पुरल्या. तुमचंच उदाहरण घ्या. पहाटे पंचवटीत बाजार समितीत भाजीला, मग घरी, साडेबाराला अंबडच्या गेटवर, संध्याकाळी गंगापूर रोड. रोज याच वेळी हीच फेरी करणारं दुसरं कोण असेल नाशकात?

तुमच्या मुलाचं म्हणणं तरुण मुलांच्या तोंडून मी खूप ऐकते. त्यात हताशपणा आहे, आळस नाही. पण तो म्हणतो तसं सगळं बाहेर गेलेलं नसतं. नवऱ्याला शुगर निघाली ही नोंद वर्षापूर्वी अस्तित्वातच नव्हती. माणसाचा पत्ता बदलतो, नोकरी बदलते, औषध बदलतं, जुनी यादी शिळी होते आणि तिची किंमत उतरते. म्हणून तर त्या गृहस्थांना तुमची आजची यादी हवी आहे.

शिवाय कोणाची माहिती कोण देतं, याचा हिशेबही त्याला सांगा. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीने फेसबुकवरच्या लोकांची माहिती एका प्रश्नमंजुषेच्या अ‍ॅपमधून मिळवल्याचं प्रकरण 2018 मध्ये गाजलं, तेव्हा फेसबुकने दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते अ‍ॅप 335 जणांनी घेतलं होतं. माहिती गेली असण्याची शक्यता होती ती मात्र 5 लाख 62 हजारांहून अधिक लोकांची, कारण अ‍ॅप घेणाऱ्यांबरोबर त्यांच्या मित्रांची माहितीही ओढली गेली. त्या लाखो लोकांनी स्वतः कुठेच 'हो' म्हटलं नव्हतं. यादी दिलीत तर तुमचे ग्राहक त्याच जागी उभे राहतील आणि 'हो' म्हणणाऱ्या तुम्ही असाल.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, नाहीतर हे पत्र वाचून माहितीचा प्रत्येक वापर वाईटच असं कोणाला वाटेल. 2013 च्या अलाहाबादच्या कुंभात एका मोबाइल कंपनीच्या कॉलच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या होत्या. कोणत्या राज्यातली माणसं किती आणि ती एकमेकांच्या किती जवळ राहतात, ते त्यातून कळलं. ज्या राज्यांतून थोडी माणसं आली होती, ती एकमेकांना जास्त धरून राहिली होती. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत माणसं गेली, हे नाशिककर विसरलेले नाहीत. 2027 मध्ये रामकुंडाकडे किती गर्दी सरकते आहे याचा अंदाज फोनच्या नोंदींवरून वेळेत येणार असेल, तर तो यायलाच हवा. पण गर्दी मोजायला माणसाचं नाव, नंबर, आजार लागत नाही. मोजणी झाली की नोंद पुसली तरी काम भागतं. तुमच्याकडे मागितलेली यादी एकेका माणसाला गाठण्यासाठी आहे.

मग त्या गृहस्थांना काय सांगायचं? ओळख आहे, तोंडावर नाही म्हणणं जड जातं, हे समजते मला. एक मधला मार्ग आहे. त्यांचं पीठ चांगलं आहे असं तुम्हाला स्वतः वापरून वाटलं, तर त्यांचं पत्रक सगळ्याच डब्यांबरोबर एक दिवस द्या. फक्त बिनसाखरेवाल्यांना नको, सगळ्यांना. पत्रक देण्याचे पैसे घ्या आणि ग्राहकांना तसं सांगा. ज्याला हवं तो स्वतः फोन करेल. त्यांचा धंदा होईल, आणि कोणाचा नंबर कोणाला द्यायचा हे ज्याचं त्याच्याकडे राहील. पैसे कमी मिळतील, हे खरं. ते एवढ्यावर राजी झाले नाहीत, तर त्यांना गिऱ्हाइकं नको होती, यादीच हवी होती, हे तुम्हाला कळेल.

तुमच्या घरातही थोडी आवराआवर करावी लागेल. 'आजचा मेनू' सांगायला व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप केला असेल, तर त्यातल्या प्रत्येकाला बाकीच्या सगळ्यांचे नंबर दिसतात. यादी विकली नाहीत तरी ती तिथून आपोआप गळते आहे. ग्रुप मोडा आणि ब्रॉडकास्ट लिस्ट करा. निरोप सगळ्यांना जातो, कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. ग्राहकांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असला पाहिजे, एवढी एकच अट. डबे पोहोचवणाऱ्या मुलाला त्याच्या फेरीपुरतेच पत्ते द्या. 'एकट्या असतात' हे चिठ्ठीवर लिहू नका, तोंडी सांगा. गावाला गेल्याचे निरोप महिन्याचा हिशेब झाला की पुसा. सोडून गेलेल्या मुलांचे पत्ते, जुन्या वह्या कशाला ठेवायच्या? आणि रद्दीत घालण्याआधी फाडा.

आता तुमच्या स्वतःच्या माहितीचं. साधा फोन घेऊन सुटका होणार नाही. टॉवरच्या आणि कॉलच्या नोंदी त्याच्याही होतात, आणि निम्म्या ग्राहकांचे पैसे तुम्हाला फोनवरच येत असणार. धंदा अडेल आणि लॅबच्या फॉर्मवरचा नंबर तसाच राहील. त्यापेक्षा नंबर देण्याचीच सवय बदला. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे 2023 मध्ये दुकानदारांना कळवलं आहे की बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नये. 'नंबर देत नाही, बिल द्या' एवढं शांतपणे म्हणा, बहुतेक ठिकाणी चालतं. जिथे द्यावाच लागतो, लॅब, दवाखाना, गॅस, तिथे एक वेगळा नंबर ठेवा आणि धंद्याचा वेगळा. दोन नंबर सांभाळणं थोडं कटकटीचं आहे, पण डब्याच्या ऑर्डरीच्या मधे विम्याचे फोन येणार नाहीत.

जाहिरातींचे फोन थांबवायला 1909 वर एसएमएस करता येतो. इंग्रजी अक्षरांत स्टार्ट लिहून, मोकळी जागा सोडून 0 लिहा. पण एक लक्षात ठेवा. एखाद्या कंपनीला कुठल्या फॉर्मवर तुम्ही स्वतः संमती दिली असेल, तर तिच्यापुरती ही बंदी लागू होत नाही. फॉर्मवरच्या त्या बारीक अक्षरांतल्या चौकटी म्हणूनच आधीपासून टिक केलेल्या असतात. त्या काढा.

कर्जाच्या अ‍ॅपबद्दल मला जास्त काळजी वाटते. तुम्ही चौकशी केलीत ते अ‍ॅप बहुधा स्वतः कर्ज देणारं नसावं, पुढे अनेकांकडे पाठवणारं असावं, म्हणून एका चौकशीवर एवढे फोन आले. आज ते उघडून त्याला फोनमधल्या कशाकशाची परवानगी दिली आहे ते बघा. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी फोनमधले संपर्क, कॉलच्या नोंदी, फोटो यांना हात लावू नये, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच सांगितलेलं आहे. तुमच्या अ‍ॅपने संपर्कांची परवानगी घेतली असेल, तर आधी अ‍ॅपमधून खातं बंद करायला सांगा आणि मगच ते काढा. नुसतं काढून टाकल्याने त्यांच्याकडे गेलेलं पुसलं जात नाही. त्यानंतर सिबिलचा अहवाल मागवा. सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. त्यात तुमच्या नावावर कोणीकोणी चौकशी केली ते दिसतं. ओळखीची नसलेली चौकशी असेल तर तिथेच हरकत नोंदवता येते.

विम्याबद्दल एक सावधगिरीचं. या सगळ्या मनस्तापानंतर, विमा काढताना शुगर सांगूच नये असं तुमच्या यजमानांच्या मनात येऊ शकतं. तसं करू नका. माहिती लपवली हेच कारण पुढे दावा नाकारायला पुरतं. त्यांना विचारण्याचा हक्क आहे तिथे खरं सांगायचं. फोन करणाऱ्या अनोळखी एजंटला मात्र काहीही सांगायचं नाही.

कायद्याचंही सांगून ठेवते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. संमतीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. आपल्याबद्दल काय ठेवलं आहे ते विचारणं, चुकीचं दुरुस्त करायला लावणं, पुसायला सांगणं, हे हक्क त्यात आहेत. हा कायदा मोठ्या कंपन्यांपुरता नाही. घरगुती, खासगी वापराला त्यातून सूट आहे, पण धंद्यासाठी फोनमध्ये ठेवलेली ग्राहकांची यादी घरगुती म्हणता येणार नाही. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. यजमानांना सांगायला एक कारण हाताशी असावं, एवढ्यासाठी.

राहिला फ्रीज. मला वाटतं, त्या गृहस्थांचं बोलणं तुम्ही ऐकून घेतलंत ते फ्रीजसाठी. उन्हाळ्यात भाजी, दही सांभाळताना काय होतं ते डबे देणाऱ्या बाईलाच कळतं. अ‍ॅपच्या नादी लागू नका. तुमचं खातं जिथे आहे त्या बँकेत जाऊन मुद्रा योजनेच्या शिशु गटाची चौकशी करा. 50 हजारांपर्यंतच्या त्या कर्जाला तारण लागत नाही. खात्यावर ग्राहकांचे पैसे येतात, त्याचा सहा महिन्यांचा उतारा आणि फ्रीजचं दुकानातून घेतलेलं कोटेशन बरोबर न्या. अर्ज शाखेतच भरा, आणि मधे कोणी 'तुमचं काम करून देतो' म्हणून आधारची झेरॉक्स मागितली तर देऊ नका.